दमा आहे की नाही? फॅमिली डॉक्टरकडच्या श्वासचाचण्यांची पार्श्वभूमी

कॅनडातल्या दहा शहरांत झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले आणि दम्याच्या निदानाबद्दल डॉक्टरमंडळींत जी कुजबुज चालायची ती उघड्यावर आली. आधीच्या पाच वर्षांत डॉक्टरांनी ‘दमा आहे’ असं सांगितलेली ६१३ प्रौढ माणसं या अभ्यासात होती. त्यांच्या श्वासाच्या चाचण्या पुन्हा पुन्हा केल्या, औषधं बेताबेतानं कमी करत थांबवली. २०३ जणांत, म्हणजे तिघांमागे एकात, दमा सापडलाच नाही. काहींचा मधल्या काळात ओसरला असेल, हे मान्य. पण बारा जणांना हृदयाचा किंवा श्वसनाचा भलताच गंभीर आजार निघाला. आणि दमा न सापडलेल्यांपैकी बऱ्याच जणांना निदानाच्या वेळी कोणी एकदाही यंत्रात फुंकायला लावलं नव्हतं; दमा पक्का निघालेल्यांच्या तुलनेत हे प्रमाण जास्त होतं.

यावरून डॉक्टरला झोडपणं सोपं आहे. पण दमा हा येणारा-जाणारा आजार. पहाटे उठून बसावं लागतं, घरघर शेजारच्या खोलीत ऐकू जाते, आणि सकाळी अकराला दवाखान्यात स्टेथोस्कोप लावला की छाती साफ! मग डॉक्टर पेशंटच्या सांगण्यावर आणि स्वतःच्या अनुभवावर निर्णय घेतो. मोजायचं साधन मात्र कधीचंच निघालेलं होतं. फक्त ते दम्याच्या पेशंटसाठी निघालं नव्हतं.

लंडनचे डॉ. जॉन हचिन्सन यांनी १८४६ साली स्पायरोमीटरवरचा आपला प्रबंध मांडला. पाण्यात उलटं ठेवलेलं भांडं, आत नळीतून हवा सोडायची, भांडं जितकं वर येईल तितकी फुप्फुसाची क्षमता. त्यांनी खलाशी, पोलीस, कुस्तीगीर अशा दोन हजारांहून जास्त लोकांना फुंकायला लावलं आणि उंचीच्या प्रमाणात ही क्षमता वाढते हे दाखवून दिलं. हचिन्सन यांचा संबंध आयुर्विमा कंपनीशी होता. कोण किती जगेल याचा अंदाज या आकड्यावरून बांधता येईल, अशी त्यांची अटकळ होती. दम्याच्या दृष्टीनं यात एक मोठी उणीव राहिली. हवा किती बाहेर पडली हे कळायचं, किती वेगानं पडली हे नाही. दमेकरी माणूस सावकाश का होईना, बऱ्याचदा सगळी हवा सोडू शकतो. अडतो तो वेगात.

ही उणीव भरून निघायला शंभर वर्षं लागली. पॅरिसमध्ये तिफनो आणि पिनेली यांनी १९४७ साली जोरात सोडलेल्या श्वासाला घड्याळ लावलं. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर येते, आणि एकूण हवेत तिचा वाटा किती, हाच हिशेब आजही ‘पीएफटी’च्या, म्हणजे फुप्फुसाच्या क्षमतेच्या चाचणीच्या, रिपोर्टमध्ये पहिल्यांदा बघतात. पंपाचं औषध देऊन पुन्हा फुंकायला लावायचं. पहिल्या सेकंदाचा आकडा १२ टक्क्यांनी आणि किमान २०० मिलिलिटरनं वाढला, तर दम्याचा संशय बळावतो. पण यंत्र मोठं, महाग, इस्पितळातलं. गल्लीतल्या दवाखान्यात ते येणार कुठून?

तिथे परवडेल असं साधं साधन शेवटी आलं कोळशाच्या खाणींमुळे. दक्षिण वेल्समध्ये खाणकामगारांच्या फुप्फुसात धूळ साचून होणाऱ्या आजारावर संशोधन करणारं एक केंद्र होतं. पाहणीसाठी गावोगाव नेता येईल असं काहीतरी तिथे हवं होतं. मार्टिन राइट यांनी ते बनवलं आणि १९५९ साली सहकारी मॅकेरो यांच्यासह प्रसिद्ध केलं: पीक फ्लो मीटर. फुंकर किती जोरात बसली, एवढाच एक आकडा ते सांगायचं. १९७०च्या दशकाअखेर राइट यांनीच त्याची छोटी आवृत्ती काढली. वीतभर प्लास्टिकची नळी, आत स्प्रिंग, वरच्या खाचेत सरकणारा काटा. काटा शून्यावर आणायचा, उभं राहायचं, छाती भरून श्वास घ्यायचा, नळीभोवती ओठ घट्ट मिटायचे आणि एका दणक्यात फुंकायचं. फुगा फुगवल्यासारखं लांबवत बसलं तर आकडा कमी येतो. नवखे हमखास इथे चुकतात. तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा लिहायचा.

पण खरी गंमत रोज फुंकून नोंदी ठेवण्यात होती. लंडनच्या डॉ. मार्गारेट टर्नर-वॉरविक यांनी १९७७ साली अशा रोजच्या नोंदींचे आलेख मांडले. काहींचा आकडा दिवसभर बरा आणि पहाटे धाडकन खाली, काहींचा कसलाही नेम नाही. दवाखान्याच्या वेळेत जे कधीच दिसलं नसतं, ते कागदावर आलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हाच कळीचा टप्पा, कारण एका दिवसाच्या चाचणीत दमा सहज निसटतो.

पण उपयोग पटणं वेगळं आणि वापर होणं वेगळं. ब्रिटनमध्ये १९९०पासून हे मीटर सरकारी आरोग्यसेवेत चिठ्ठीवर मिळू लागलं. या सेवेशी झालेल्या २००४च्या करारात फॅमिली डॉक्टरांच्या मोबदल्याचा काही भाग चाचणीनं पक्क्या केलेल्या निदानाशी जोडला गेला. पैसा जोडल्यावर नोंदी आपोआप नीट होऊ लागतात, हा अनुभव सगळीकडचा. तरीही २०१४ साली तिथल्या १९५ दमामृत्यूंचा आढावा आला, तेव्हा नेहमीच्या देखभालीतल्या त्रुटी पुन्हा पुढे आल्या.

आपल्याकडचं चित्र पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशननं १ फेब्रुवारी २०११ रोजी टिपलं. ८८० शहरं-गावं, सुमारे ७,४०० डॉक्टर, एकाच दिवसात दोन लाखांवर पेशंट. त्यातल्या जवळपास निम्म्यांची तक्रार श्वसनाशी संबंधित होती. इतका भार ज्या टेबलावर येतो, तिथे एकेका पेशंटला पंधरा-वीस मिनिटं फुंकायला लावणं कठीणच. म्हणून पीएफटीसाठी चिठ्ठी देऊन शहरात पाठवतात. जाणारे जातात, बाकीचे ‘सध्या बरं आहे’ म्हणून राहतात. मीटरचा मात्र एक फायदा इथे हमखास होतो. पंपाची सवय लागते, अशी भीती घेऊन बसलेल्या माणसाला पंपाआधीचा २५० आणि नंतरचा ३६० दाखवला, तर निम्मा वाद तिथेच मिटतो.

दरम्यान स्टॉकहोमच्या संशोधकांनी १९९३ साली दाखवलं की दमेकऱ्यांच्या उच्छ्वासात नायट्रिक ऑक्साइड जास्त असतं. श्वासनलिकेतली ॲलर्जीची सूज त्यातून मोजता येते, जोर लावून फुंकावंही लागत नाही. नोव्हेंबर २०२४मधल्या ब्रिटिश मार्गदर्शिकेनं प्रौढांसाठी हीच चाचणी किंवा रक्तातल्या इओसिनोफिल पेशींची (ॲलर्जीच्या सुजेत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) तपासणी पहिल्या पायरीवर ठेवली आहे. त्यात पुरावा मिळाला नाही तर स्पायरोमेट्री, म्हणजे स्पायरोमीटरवरची फुंकण्याची चाचणी. आणि तीही वेळेत होण्यासारखी नसेल, तर घरी पीक फ्लो मीटर, दिवसातून दोनदा, दोन आठवडे.