लख्ख उन्हात थांबलेले पंखे

मे महिन्यात नागपुरात रात्री अवकाळी वादळ येते, कुठेतरी तारांवर फांदी पडते, वीज जाते आणि दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडूनही, गच्चीवर सौर पॅनेल असलेल्या घरातले पंखे थांबलेलेच असतात. हा बिघाड नव्हे, मुद्दाम केलेली सोय आहे. पॅनेलमधल्या एकदिश प्रवाहाचा प्रत्यावर्ती प्रवाह करणारा साधा इन्व्हर्टर 50 हर्ट्‌झचा ताल (प्रवाहाची सेकंदाला 50 आवर्तने) ग्रिडकडूनच, म्हणजे वीजवाहिन्यांच्या सामायिक जाळ्याकडूनच घेतो आणि ग्रिड बंद पडताच स्वतः थांबतो. तो चालू राहिला, तर तार बंद आहे असे समजून दुरुस्तीला चढलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर असल्यास घर ग्रिडपासून वेगळे होऊन चालू शकते. परंतु नेट मीटरिंगमध्ये जादा युनिट बिलातून वजा होत असल्याने तो खर्च अनेकांना अनाठायी वाटतो, आणि एरवीच्या दिवसांचा हिशेब मांडला तर ते चूकही नाही.

अकस्मात आलेला धक्का ऊर्जासंक्रमणाला, म्हणजे कोळशासारख्या इंधनांकडून अक्षय ऊर्जेकडे वळण्याला, पुढे रेटतो की मागे ओढतो, हे आधी काय तयार ठेवले आहे यावर पुष्कळसे ठरते. 11 मार्च 2011 रोजी सकाळी जपानच्या मंत्रिमंडळाने अक्षय ऊर्जेला ठरावीक दर देणारे विधेयक मंजूर केले आणि त्याच दुपारी भूकंप होऊन फुकुशिमा अणुवीज केंद्राची दुर्घटना घडली. अणुविजेची तूट आधी आयात वायू आणि कोळशानेच भरली गेली. पण तो कायदा जुलै 2012 पासून लागू होताच सौरऊर्जा झपाट्याने वाढली.

आपल्याकडे 5 एप्रिल 2020 रोजी रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे दिवे मालवायचे ठरले, तेव्हा मागणी एकदम घसरून ग्रिड कोसळण्याची भीती राज्याचे तत्कालीन ऊर्जामंत्री, नागपूरचेच नितीन राऊत यांनी बोलून दाखवली होती. प्रत्यक्षात देशाची मागणी सुमारे 31,000 मेगावॉटने घसरली. ग्रिड सावरले ते मुख्यतः जलविद्युत केंद्रांमुळे, कारण त्यांची निर्मिती काही मिनिटांत सुमारे 17,500 मेगावॉटने उतरवता आली. नागपूरजवळच्या कोराडी औष्णिक केंद्राच्या 660 मेगावॉटच्या कोळशावरील संचांना ही चपळाई जमत नाही, कारण बॉयलरचा जाड धातू वारंवार तापवला-निववला की लवकर झिजतो. ढग येताच सौरवीज घटते, तेव्हाही हीच चपळाई लागते. नागपूरजवळचे तोतलाडोहचे जलविद्युत केंद्र मात्र 160 मेगावॉटचे, तेही मध्य प्रदेशाबरोबर वाटून घेतलेले, आणि पेंच नदीचे तेच पाणी शहराच्या नळांनाही लागते.