अकाली जन्मलेल्या बाळांतील नेक्रोटायझिंग एंटेरोकोलायटिस : कारणे

नेक्रोटायझिंग एंटेरोकोलायटिस (एनईसी) हा मुख्यतः दिवस पुरे होण्याआधी जन्मलेल्या बाळांना होणारा आतड्यांचा गंभीर आजार आहे. यात आतड्याच्या भिंतीला सूज येते, तिचे काही भाग मरतात आणि कधीकधी आतड्याला भोक पडते. बाधा सर्वाधिक होते ती लहान आतड्याच्या शेवटच्या भागाला आणि मोठ्या आतड्याला. जन्मतः दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांना धोका जास्त. त्यांच्यातली दगावणारी बाळेही बरीच असतात, विशेषतः शस्त्रक्रियेपर्यंत वेळ आली तर.

या आजाराची वेळ फसवी असते. श्वासाचा त्रास जन्मताच दिसतो. एनईसी मात्र बाळ सावरू लागले, नळीने दिले जाणारे दूध वाढत चालले, अशा वेळी, बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गाठतो. आधीचे दूध पोटात तसेच राहते, पोट फुगून ताणले जाते, उलटी हिरवी होते, शीतून रक्त जाते. एक्स-रेमध्ये आतड्याच्या भिंतीतच हवेचे बुडबुडे दिसले की निदान जवळपास पक्के होते.

एकच एक कारण सापडलेले नाही. १९७० च्या दशकात आतड्याच्या अस्तराची इजा, जिवाणू आणि पोटातले दूध अशी त्रयी मांडली गेली. तेव्हा भर रक्तपुरवठा तुटण्यावर होता. आता तो कच्च्या आतड्याच्या प्रतिकारयंत्रणेकडे सरकला आहे. जिवाणूंची चाहूल घेणारे टीएलआर-४ हे ग्राहक प्रथिन आतड्याच्या वाढीतही भाग घेते, म्हणून कमी दिवसांच्या बाळात ते भरपूर असते. गर्भजलातले घटक त्याला आवर घालतात. बाळ लवकर जन्मले की तो आवर सुटतो आणि जिवाणू मात्र येऊन पोहोचतात. मग अस्तराच्या पेशी मरतात, नव्या तयार होणे मंदावते आणि आतड्याच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. म्हणजे रक्तपुरवठा घटतो हे खरेच, पण पुष्कळदा तो या साखळीच्या सुरुवातीला नसून मध्ये येतो.

जिवाणूंचा तोलही महत्त्वाचा. आजारापूर्वी अनेक बाळांच्या शीमध्ये ई. कोलाय, क्लेब्सिएला यांच्या गटातले जिवाणू वाढलेले आढळतात. संसर्ग सिद्ध नसताना सुरुवातीचे अँटिबायोटिक लांबवणे आणि आम्लता कमी करणारी रॅनिटिडिनसारखी औषधे यांचा एनईसीशी संबंध दिसला आहे. अतिदक्षता विभागात कधीकधी एकापाठोपाठ अनेक बाळे आजारी पडतात, तरी सगळ्यांचा गुन्हेगार ठरावा असा एक जंतू हाती लागलेला नाही.

दुधाबाबत पुरावा सर्वांत ठळक आहे. १९९० मध्ये ल्यूकस आणि कोल यांनी ब्रिटनमधील ९२६ अकाली बाळांची पाहणी प्रसिद्ध केली. फक्त फॉर्म्युलावर (बाळांसाठीच्या डब्यातल्या दुधावर) असलेल्या बाळांत एनईसी केवळ आईच्या दुधावरच्या बाळांपेक्षा ६ ते १० पट अधिक होता. आईच्या दुधातली प्रतिपिंडे, वाढघटक आणि विशिष्ट शर्करा टीएलआर-४ ला शांत ठेवतात व उपयुक्त जिवाणू पोसतात. दात्या मातांचे दूध पाश्चरीकरणात यातले काही गमावते, तरी फॉर्म्युलापेक्षा ते सुरक्षित. मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केलेली दुग्धपेढी आशियातली पहिली मानली जाते. आईचे दूध मिळूनही काही बाळांना एनईसी होतो, तेव्हा आईला बोल लावण्यात अर्थ नाही. भीतीपोटी बाळाला उपाशी ठेवणे हाही उपाय नव्हे: २०१९ च्या ब्रिटन-आयर्लंडमधील मोठ्या चाचणीत दूध रोज किलोमागे १८ मिलिलिटरने वाढवले काय नि ३० ने, एनईसीच्या प्रमाणात ठोस फरक पडला नाही.

रक्त चढवल्यानंतर हा आजार दिसतो, हे निरीक्षण जुने आहे. दोष रक्ताचा की आधीच्या तीव्र रक्तक्षयाचा, यावर एकमत नाही. गर्भात वाढ खुंटलेल्या आणि नाळेतला रक्तप्रवाह बिघडलेल्या बाळांत धोका वाढतो.

पूर्ण दिवसांच्या बाळांत एनईसी क्वचित होतो. तिथे जन्मजात हृदयदोष, जन्मावेळी गुदमरणे किंवा रक्त अति घट्ट असणे असे रक्तपुरवठा थेट घटवणारे कारण बहुधा सापडते आणि आजार बऱ्याचदा पहिल्या आठवड्यातच दिसतो.