मूठ सैल झाली म्हणून सुरी पाण्यात घालू नका

विळ्याची किंवा घडवून घेतलेल्या सुरीची मूठ हलायला लागली की हमखास एक सल्ला मिळतो: रात्रभर पाण्यात ठेवा, लाकूड फुगतं, सकाळी मूठ घट्ट. कुऱ्हाडीपुरता तो निम्मा खरा आहे. सुरीच्या बाबतीत मात्र सारं गणित उलटं होतं, आणि ते का, हे फार सुंदर आहे.

कुऱ्हाडीत लोखंड बाहेर असतं आणि लाकडाचा दांडा आत. दांडा फुगला की तो लोखंडाच्या भोकात आवळून बसतो. सुरीत लाकूड बाहेर असतं आणि पात्याची निमुळती शेपटी आत. आता लाकूड फुगलं तर भोकाचं काय होईल? बहुतेकांना वाटतं, ते आवळेल. खरं तर ते मोठं होतं. बैलगाडीच्या चाकाला धाव, म्हणजे लोखंडी पट्टा, चढवताना लोहार ती तापवतो तेव्हा लोखंड प्रसरण पावतं आणि त्याबरोबर आतली पोकळीही रुंदावते, म्हणून तर धाव चाकावर बसते. पाण्याने सगळीकडून फुगलेल्या मुठीतलं भोकही तसंच रुंदावतं.

मग सकाळी मूठ घट्ट लागते ती कशामुळे? एका रात्रीत पाणी मुठीत सर्वदूर पोचत नाही. भोकाच्या तोंडातून शिरलेलं पाणी आतला पातळ थर फुगवतं, त्याभोवतीचं लाकूड अजून कोरडंच असतं आणि ते या थराला बाहेर सरकू देत नाही. थर आतल्या बाजूला, शेपटीवर दाबला जातो. या दाबाने लाकडाच्या पेशी चेपतात. मूठ पुन्हा वाळली की चेपलेल्या पेशी मूळ आकाराला येत नाहीत, म्हणजे भोक पहिल्यापेक्षा मोठं राहतं. दर भिजवणीला थोडं थोडं. कुऱ्हाडीचा भिजवलेला दांडाही याच कारणाने काही दिवसांनी आणखी सैल होतो. शिवाय सुरीत पाणी शेपटीपाशी कोंडून राहतं. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा घेतो आणि मुठीला आतून फोडतो.

लाकडाचा स्वभाव थोडा खोलात पाहू. पेशींच्या भिंतीत सेल्युलोजचे अतिसूक्ष्म धागे असतात आणि ते बहुतांशी खोडाच्या लांबीच्या दिशेने धावतात. पाण्याचे रेणू या धाग्यांच्या मध्ये शिरून त्यांना एकमेकांपासून दूर सारतात. म्हणून लाकूड आडवं फुगतं, लांबीला जवळजवळ नाही. कोरड्या वजनाच्या साधारण ३०% ओल होईपर्यंत हे चालतं. त्यापुढचं पाणी पेशींच्या पोकळीत साचतं, त्याने फुगवटा वाढत नाही. या ३०% वरून पूर्ण कोरडं होईपर्यंत अनेक लाकडं वार्षिक वलयांना समांतर दिशेत ८% च्या आसपास आकसतात, वलयांना काटकोनात त्याच्या साधारण निम्मी, आणि लांबीत जेमतेम ०.१ ते ०.२%. समजा पावसाळ्यात १८% ओल असलेली २५ मिलिमीटर रुंदीची मूठ उन्हाळ्यात ८% वर आली. आकसणं होईल ८% चा तिसरा हिस्सा, म्हणजे सुमारे ०.७ मिलिमीटर. तितक्याच रुंदीचं पोलाद तापमान २० अंशांनी बदललं तर ०.००६ मिलिमीटर हलतं. शंभर पटींचा फरक! लाकूड आकसतं, आतली शेपटी आकसत नाही, आणि मुठीचं तोंड तडकतं. ही तड कोरड्या दिवसांत दिसते ती यामुळेच.

अंधाऱ्या पक्षात तोडलेलं लाकूड फुगत-आकसत नाही, अशी एक समजूत आहे. वाळलेल्या लाकडातली ओल भोवतालच्या हवेतल्या आर्द्रतेवर ठरते; झाड कोणत्या तिथीला पडलं याची सेल्युलोजला खबर नसते. ‘आयुष्यभर न हलणारी सागवानी मूठ’ ही जाहिरातही तितकीच पोकळ. साग इतरांपेक्षा कमी आकसतो, एवढंच.

तेव्हा मूठ बसवायची तर लाकूड आधी सावलीत पुरतं वाळलेलं हवं. शेपटी लाल करून लाकडात जाळत बसवायची जुनी रीत आहे. भोक नेमक्या आकाराचं मिळतं, पण आत कोळशाचा भुसभुशीत थर उरतो. तो खरवडून काढावा. पातं ओल्या फडक्यात गुंडाळलेलं असावं, कारण उष्णता धारेपर्यंत पोचून तिथे निळी झाक आली, म्हणजे सुमारे ३०० अंश झाले, की पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून बुडवून कडक केलेल्या, धारेचा कडकपणा उतरतो. भोक किंचित सैल ठेवून मधली जागा भरावी. शेपटीला कानशीने खाचा पाडाव्यात, म्हणजे भरलेला माल त्यांत अडकून बसतो. तोंडाशी धातूची साम, म्हणजे कडं, चढवावी, ती तडीला आवर घालते. उघड्या टोकाला जवसाचं तेल पाजावं. ते हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून घट्ट होतं आणि ओलीची ये-जा थांबवत नसलं तरी मंदावतं.

शेपटी मुठीइतकीच रुंद असेल तर दोन बाजूंना दोन फळ्या बसवून रिव्हेट मारतात. लाकडाच्या रेषा लांबीत असल्याने रिव्हेटमधलं अंतर बदलत नाही. उन्हाळ्यात फळ्या आकसून पोलादाची कड बोटाला लागते, तेवढंच.

भरायला अराल्डाइटसारखं इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून जमणारा गोंद, पक्कं, पण घरच्या तापमानाला जमलेलं इपॉक्सी साधारण ५०-६० अंशांना मऊ पडू लागतं, म्हणून उकळत्या पाण्यात अशी सुरी बुडवू नये. रोजच्या विळ्यासाठी मला लाख अधिक आवडते. पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्यांचा हा स्राव. नेपाळात खुकरीच्या मुठीत तो आजही भरतात. त्यात विटेची बारीक भुकटी मिसळली की तो कमी वाहतो आणि कमी आकसतो. उष्णतेला लाख इपॉक्सीइतकीच हळवी आहे, पण ती पुन्हा वितळते. मूठ सैल झाली तर शेपटीचा मुठीलगतचा भाग बेताने तापवायचा, मूठ उपसायची, लाखेची नवी भुकटी भोकात टाकायची, गरम शेपटी सरळ दाबून निवेपर्यंत धरायची.