जुनी बंदूक : खरेदीपूर्व पारख (कोकण)

परवान्याची वापरलेली बंदूक किंवा रायफल घेण्याआधी तिची नळी, चाप, दस्ता आणि कागद तपासण्याची रीत. कोकणात अशी हत्यारे बहुतेक शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर असतात. रानडुकरे आणि केलडी (माकडे) यांच्यापासून भात, नारळ, काजू राखण्यासाठी. (हा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे, १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आहेच.)

परदेशांत सैन्याने मोडीत काढलेल्या रायफली नागरिकांना विकत मिळतात. भारतात ली-एनफील्ड या जुन्या ब्रिटिश सैनिकी रायफलीचा ०.३०३ हा बोअर (नळीच्या आतल्या व्यासाचे माप) निषिद्ध आहे. त्यामुळे कोणी ‘मिलिटरीची आहे’ म्हणून भाव चढवू लागला, तर आधी बोअर विचारावा. सामान्य परवान्यावर मिळते ती तशाच बोल्टची (मागून सरकवायच्या खिट्टीची) ०.३१५ची सरकारी आयुध निर्माणीची रायफल, नाहीतर बारा बोअरची काडतुसांची बंदूक किंवा नळीच्या तोंडातून दारू ठासायची ठासणीची बंदूक.

किनाऱ्यावर हत्याराचा खरा वैरी खारी हवा. तेल पुसून चकचकीत केलेली नळी आतून खड्ड्यांनी भरलेली निघते. बोल्ट काढून नळी उजेडाकडे धरावी. रायफलीच्या नळीतले पिळाचे चर ठसठशीत दिसले पाहिजेत. मध्येच काळसर वलय दिसले, तर नळी तिथे फुगलेली असू शकते. असा माल फुकट मिळाला तरी घेऊ नये. मग दस्त्याचे पुढचे लाकूड उतरवून नळीची खालची बाजू पाहावी. पावसाळ्यातली ओल तिथेच मुरते आणि विकणारा ती बाजू सहसा दाखवत नाही. चामड्याच्या म्यानात चार महिने पडून राहिलेली बंदूक तर हमखास गंजते. जुन्या बारा बोअरचे घर (काडतूस बसते ती जागा) अनेकदा ६५ मिमीचे असते. त्यात ७० मिमीचे काडतूस घालणे धोक्याचे.

ठासणीची बंदूक हातात घेतल्यावर ती भरलेली आहे का, हे आधी पाहावे. घोड्याखाली टोपी (बार पेटवणारी छोटी कॅप) नाही याची खात्री करून, नळीच्या तोंडासमोर न येता गज (ठासायची सळई) तळापर्यंत सोडावा, नळीच्या तोंडाशी खूण करावी आणि बाहेर काढून तो नळीला लावून पाहावा. खूण तोंडाशी असताना गजाचे टोक टोपी बसते त्या निपलपर्यंत न पोचता बोटभर अलीकडे राहिले, तर आत जुना बार (भरलेली दारू) आहे असे समजून बंदूक जाणकाराकडे न्यावी. माळ्यावरून उतरवलेल्या वडिलोपार्जित बंदुकांत हे नवल नाही.

नळीवरचा क्रमांक परवान्यातल्या क्रमांकाशी अंकन्‌अंक जुळवावा. खाडाखोड दिसली तर व्यवहार तिथेच सोडावा. घेणाऱ्याकडे स्वतःचा परवाना हवा. विकणाऱ्याने १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवल्यावर किमान ४५ दिवस जावे लागतात. तोवर बंदूक विकणाऱ्याच्याच घरी राहते.