काळ्या फोटोत सापडणारा बिघाड

प्रयोगशाळेतला कॅमेरा बिघडला की हात आधी स्क्रूड्रायव्हरकडे जातो. तो मोह आवरायला हवा. झाकण लावून, आत प्रकाशाचा कणही जाणार नाही अशी खात्री करून, आधी फोटो काढावेत. डिटेक्टरला, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपला, काय झालंय हे काळ्या फोटोइतकं नेमकं दुसरं काहीच सांगत नाही, असं माझं ठाम मत आहे.

विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ मध्ये बेल लॅबमध्ये सीसीडीची, म्हणजे अशाच एका सिलिकॉन डिटेक्टरची, कल्पना मांडली. या कामाला २००९ चं नोबेल मिळालं. सिलिकॉनवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन मोकळे होतात, पिक्सेलमध्ये साठतात आणि ओळीओळीने सरकत कडेच्या मोजणी सर्किटपर्यंत पोहोचतात. बिघाड यातल्या कोणत्या टप्प्यावर आहे, एवढंच शोधायचं असतं.

पहिला फोटो शून्य सेकंदांचा, म्हणजे बायस फ्रेम. उष्णतेला इलेक्ट्रॉन सोडायला इथे वेळच मिळत नाही. तरीही आडवे-तिरपे पट्टे दिसले, तर दोष बहुधा केबल, वीजपुरवठा किंवा अर्थिंगमध्ये असतो. दर फोटोत पट्टे जागा बदलत असतील तर शेजारचे पंप आणि मॉनिटर एकेक करून बंद करून पाहावेत. एका वेळी एकच. दोन गोष्टी एकदम बदलल्या की पट्टे कशामुळे गेले ते कळत नाही.

मग तेवढ्याच अंधारात काही मिनिटांचा डार्क फ्रेम. तो सगळीकडे सारखाच उजळ आला तर डिटेक्टर थंड ठेवणाऱ्या कूलिंगकडे वळावं. तापमान साधारण ६-७ अंशांनी वाढलं की उष्णतेने सुटणारे इलेक्ट्रॉन दुप्पट होतात. उणे ६० अंशांवर चालणारा डिटेक्टर उणे ४० वर आला तर ते सुमारे आठपट होतील. उजळपणा एकाच कोपऱ्यात असेल तर मात्र प्रकाश गळत असू शकतो. उपकरणावरचा छोटा एलईडी दिवासुद्धा त्याला पुरतो.

एखादी उभी रेघ मध्येच सुरू होऊन पुढे टोकापर्यंत गेली असेल, तर रेघ जिथे सुरू होते तोच पिक्सेल संशयित. त्याच्या मागच्या सगळ्यांचा विद्युतभार त्याच्यातूनच जातो, म्हणून बाकीचे पिक्सेल धडधाकट असूनही बिघडलेले दिसतात. इथे-तिथे उमटणारे चमकदार ठिपके आणि छोट्या रेघा यांना मात्र बिघाड समजू नये. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटीमीटरवर मिनिटाला साधारण एक म्युऑन (वैश्विक किरणांमुळे वातावरणात तयार होणारा कण) येतो, त्याच्या त्या खुणा. पुढच्या फोटोत ठिपका त्याच जागी असेल तरच पिक्सेल खराब.

आता एकसारख्या उजेडात फोटो काढावा. त्यात धूसर डाग दिसले तर ती धूळ. फिल्टर बदलल्यावर डाग गेला तर धूळ फिल्टरवर होती. दिवसागणिक पसरणारा डाग जास्त चिंतेचा, कारण आत ओलावा शिरून बर्फ साचत असण्याची शक्यता असते. युक्लिड या अवकाश दुर्बिणीत असाच बर्फ साचला होता. मार्च २०२४ मध्ये तिचा एक आरसा उणे १४७ वरून उणे ११३ अंशांपर्यंत तापवला आणि १५ टक्के जास्त प्रकाश मिळू लागला. प्रयोगशाळेत डिटेक्टर हळूहळू खोलीच्या तापमानाला आणावा, मगच उघडावा. थंड असताना उघडला तर हवेतली वाफ थेट सिलिकॉनवर बसते.

दुरुस्तीनंतर त्याच तापमानाला, तेवढ्याच वेळाचे बायस आणि डार्क पुन्हा काढून डिटेक्टर ठणठणीत असतानाच्या फ्रेमशी ताडून पाहावेत.