लांबची वाट तासांत मोजावी

एकूण २०० किलोमीटर, रोजचे २५, म्हणजे ८ दिवस. नकाशावर बोट फिरवत हा हिशेब मांडायला दोन मिनिटं पुरतात, आणि रानावनांतून, शेताशिवारांतून लांब पल्ल्यावर पायी निघणाऱ्यांची बहुतेक आखणी अशीच सुरू होते. भागाकार बरोबर आहे. पण त्यात प्रत्येक किलोमीटर दुसऱ्यासारखाच धरलेला आहे, आणि चालणाऱ्याला तो तसा कधीच भेटत नाही. सपाट, कोरड्या वाटेवरचा किलोमीटर बारा मिनिटांत मागे पडतो, खड्या चढावरचा अर्धा तास खातो. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं असं की आखणी पहिल्या दिवसापासून तासांत करावी. किलोमीटर फक्त नकाशाशी ताळा घालण्यापुरते ठेवावेत.

मुळात नकाशावर मोजलेलं अंतरच कमी भरतं. पुष्कळांना वाटतं, चढ-उतारामुळे ते वाढत असेल. पायथागोरसचा सिद्धांत लावून पाहिला तर हा वाटा अगदीच किरकोळ निघतो: १०० मीटर पुढे जाताना १० मीटर चढलात, तर प्रत्यक्ष चाल १००.५ मीटरची होते. खरी वाढ वळणांची असते. लुईस फ्राय रिचर्डसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने देशांच्या सीमांच्या लांब्या ताडून पाहिल्या, तेव्हा स्पेन आणि पोर्तुगाल यांच्या सामायिक सीमेची लांबी एका ठिकाणी ९८७ किलोमीटर आणि दुसऱ्या ठिकाणी १,२१४ किलोमीटर नोंदलेली आढळली. मोजपट्टी जितकी लहान, तितकी नागमोडी रेषा लांब भरते. त्याचं हे काम त्याच्या मृत्यूनंतर, १९६१ साली छापलं गेलं. आपलं पाऊल म्हणजे पाऊण मीटरची मोजपट्टी. नकाशा काढणाऱ्याने सोडून दिलेलं प्रत्येक छोटं वळण ती मोजते. डोंगरउतारावरच्या नागमोडी वाटेसाठी मी तरी मोजलेल्या अंतरात पाचवा हिस्सा आणखी धरतो.

आता वेळेचा हिशेब. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक सोपा नियम मांडला आणि आजही जगभर तो वापरात आहे. मेट्रिक मापांत तो ढोबळपणे असा: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि चढलेल्या दर ६०० मीटर उंचीला आणखी एक तास. दिवसाची वाट २० किलोमीटरची आणि एकूण चढ ९०० मीटर असेल, तर चार तास अधिक दीड तास, म्हणजे साडेपाच तास. याचाच दुसरा अर्थ असा की १०० मीटर उंची चढणं हे सपाटीवर सुमारे ८०० मीटर चालण्याइतकं वेळखाऊ आहे. हा हिशेब न थांबता चालणाऱ्या तंदुरुस्त माणसाचा आहे, हे मात्र विसरू नये. त्यात जेवण नाही, पाणी भरणं नाही, रस्ता चुकणं नाही, पाठीवरचं जड ओझंही नाही.

वॉल्डो टोबलर या भूगोलतज्ज्ञाने १९९३ साली चढ-उतारावरून चालण्याचा वेग काढण्याचं एक सूत्र दिलं. ते मला नेस्मिथच्या नियमापेक्षा जास्त बोलकं वाटतं, कारण त्यात उतारालाही जागा आहे. सपाटीवर ताशी ५ किलोमीटर. शंभरात पाच, म्हणजे १०० मीटर पुढे जाताना ५ मीटर खाली, इतक्या हलक्या उतारावर वेग सर्वांत जास्त, ताशी ६. शंभरात वीसचा चढ आला की तो अडीचवर येतो. आणि शंभरात तीसचा उतार असेल, तर तिथेही अडीचच! पायवाट सोडून आडरानात शिरलात, तर या सगळ्याला ०.६ ने गुणायचं. नांगरलेली जमीन, गुडघाभर गवत, दगडगोटे यांतून जाताना हा गुणक पटतो. मऊ वाळूचं गणित तर आणखी कठीण आहे. प्रयोगांमध्ये वाळूत चालायला कडक जमिनीच्या दुपटीहून अधिक ऊर्जा लागल्याचं दिसलं आहे, कारण प्रत्येक पावलाचं बरंचसं काम वाळू सरकवण्यातच खर्च होतं.

या सगळ्यात सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे उतार. उतरताना दम लागत नाही, हृदयाचे ठोके शांत असतात, म्हणून आखणी करणारा उताराचा दिवस 'सोपा' म्हणून लांब धरतो. ऊर्जेच्या दृष्टीने त्याचं बरोबरही आहे. शंभरात दहाच्या उतारावर चालायला सपाटीच्या साधारण निम्मीच ऊर्जा लागते. पण स्नायूंचा हिशेब वेगळा आहे. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आकसत आकसत शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू ताण सहन करत लांबत जातो आणि शरीराला खाली कोसळू देत नाही. लांबत असताना जोर लावणाऱ्या स्नायूच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. तिची वेदना लगेच जाणवत नाही, ती २४ ते ७२ तासांनी शिगेला पोचते. म्हणजे पहिल्या दिवशी हजार मीटर उतरून आलेला माणूस त्या संध्याकाळी खुशीत असतो, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला साधी पायरी उतरता येत नाही.

चांगली गोष्ट अशी की या इजेची आठवण स्नायू ठेवतात. एकदा असा ताण सोसलेला स्नायू पुढचे काही आठवडे त्याच ताणाने फारसा दुखत नाही. निघण्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत मुद्दाम एकदा-दोनदा भरपूर उतार उतरून यावा, असं म्हणतात त्यामागे हे शास्त्र आहे. टेकडी जवळ नसेल, तर उंच इमारतीचे जिने उतरावेत. चढायला लिफ्ट वापरली तरी चालेल. काम उतरण्याशी आहे.

स्नायू आठवड्यांत तयार होतात, पण हाडांना घाई चालत नाही, आणि लांब चालण्याची तयारी करणारे नेमके इथेच अडकतात. दीड महिन्याच्या सरावात छाती भरून येणं थांबतं, पाय हलके वाटू लागतात आणि माणूस अंतर झपाट्याने वाढवतो. हाडात त्या वेळी वेगळंच काही चाललेलं असतं. नवा ताण पडला की हाड आधी जुना भाग झिजवून काढतं आणि मग तिथे नवा भरतं. काढणं लवकर होतं, भरणं सावकाश. त्यामुळे सराव सुरू केल्यानंतर काही आठवड्यांनी हाड तात्पुरतं नेहमीपेक्षा कमकुवत असू शकतं. प्रशियाच्या सैन्यातला डॉक्टर ब्राइटहाउप्ट याने १८५५ साली लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांचं वर्णन केलं. क्ष-किरणांचा शोध लागल्यावर कळलं की ते पावलाच्या लांब हाडांना गेलेले बारीक तडे होते. आजही त्यांना 'मार्च फ्रॅक्चर' म्हणतात. २५ किलोमीटरच्या एका दिवसात तीस हजारांहून अधिक पावलं पडतात. प्रत्येक पाऊल निरुपद्रवी असतं, पण हाडाला सावरायला मधे वेळच मिळाला नाही तर बेरीज तडा पाडते. तयारीला निदान तीन महिने हवेत, आणि दर तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा अंतर मुद्दाम कमी करावं. पावलाच्या हाडावर बोट ठेवताच एकाच जागी कळ येत असेल, तर तिथे चालणं थांबवायचं. दुखणं अंगावर काढायची ही जागा नाही.

पायाला फोड येण्याचं कारण बूट घासतो हे, असं आपण धरून चालतो. खरी गोष्ट थोडी खोल आहे. पाऊल टेकताना वरची त्वचा मोज्याला चिकटून जागेवर राहते आणि आतलं हाड पुढे सरकतं. मधले थर प्रत्येक पावलाला ताणले जातात, शेवटी एक थर दुसऱ्यापासून सुटतो आणि त्या पोकळीत पाणी भरतं. त्वचा अर्धवट ओली असते तेव्हा ती सर्वांत जास्त चिकटते, म्हणून घामट पायांना फोड लवकर येतात. पातळ आणि जाड असे दोन मोजे एकावर एक घातले, तर सरकणं त्वचेऐवजी मोज्या-मोज्यांत होतं. दुपारच्या थांब्याला बूट काढून पाय वाळू देणं हा आळस नव्हे, तो वेळापत्रकाचाच भाग असायला हवा. पाय दिवसभराच्या चालीने सुजतात, तेव्हा बूट संध्याकाळी विकत घ्यावेत आणि जाड मोजा घालून पाहावेत.

ओझ्याबद्दल एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. पावलावरचं एक किलो वजन वाहून न्यायला पाठीवरच्या एक किलोपेक्षा वेगानुसार चार ते सहा पट ऊर्जा लागते. पाठ जवळजवळ एकसारख्या वेगाने पुढे जाते, पाऊल मात्र दर खेपेला थांबतं आणि पुन्हा वेग घेतं. सॅकमधून टूथब्रशची दांडी कापून वजन वाचवणारे पायात जडशीळ बूट घालून निघतात, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

सॅकमध्ये सर्वांत जड वस्तू बहुधा पाणी असते, एक लिटरला बरोबर एक किलो. स्नायू जी ऊर्जा वापरतात तिचा जेमतेम चौथा हिस्सा कामी येतो, बाकीची उष्णता होते. ती बाहेर टाकायला घाम लागतो. एक लिटर घाम पूर्ण वाळला की शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता जाते. साध्या हवेत चालताना तासाला अर्धा ते एक लिटर घाम जाऊ शकतो, कडक उन्हात त्याहून जास्त. त्यामुळे कुठल्याही दिवसाच्या आखणीत मुक्कामाच्या जागेइतकंच महत्त्व पाण्याच्या दोन जागांमधल्या तासांना आहे. नकाशावर ओढा दिसतो, पण तो त्या महिन्यात वाहतो का, हे नकाशा सांगत नाही. उलट बाजूही सांगायला हवी. तहान नसताना लिटरवर लिटर पाणी पीत राहिलं, तर रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि ते जिवावरही बेतू शकतं. पाणी भरपूर जवळ असावं, प्यावं मात्र तहानेनुसार. उन्हाची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. थंड हवेतून थेट तापलेल्या प्रदेशात चालायला जाणाऱ्याने पहिले दिवस छोटेच ठेवावेत.

खाण्याचा हिशेब त्या मानाने सोपा आहे. ७० किलो वजनाच्या माणसाला सपाटीवर किलोमीटरला ढोबळ ५० किलोकॅलरी लागतात. चढ आणि ओझं आलं की वाढतात. स्नायूंत आणि यकृतात साठलेलं ग्लायकोजेन, म्हणजे शरीराचा साखरेचा साठा, साधारण २,००० किलोकॅलरी पुरवतं. हळू चालताना शरीर चरबीही भरपूर जाळतं, त्यामुळे हा साठा एका दिवसात सहसा संपत नाही. पण रात्री तो भरला गेला नाही, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुपारनंतर पाय उचलेनासे होतात. संध्याकाळचं जेवण म्हणजे दुसऱ्या दिवसाचं इंधन.

एवढं सगळं माहीत असूनही आखणी चुकते, याचं कारण डोक्यात आहे. स्वतःच्या कामाला लागणारा वेळ आपण नेहमी कमी धरतो, हे डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडलं. पुढे १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं गेलं, प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी अंदाज ३४ दिवसांचा आला. सगळं बिनसलं तर किती? ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५ हून अधिक. म्हणजे वाईटातला वाईट अंदाजसुद्धा आशावादीच होता. यावर उपाय एकच खात्रीचा आहे: कल्पना बाजूला ठेवून नोंदी वापरायच्या. पूर्ण भरलेली सॅक घेऊन, त्याच बुटांत, तशाच जमिनीवर सलग दोन दिवस चालावं. निघाल्यापासून पोचेपर्यंतचा वेळ घड्याळात पाहून लिहावा, थांबे धरून. बऱ्याच जणांचा वेग ताशी तीनच्या आसपास येतो, आणि तोच आकडा मोठ्या वाटेला लावायचा. सोबत माणसं असतील तर सर्वांत सावकाश चालणाऱ्याचा. पहिले तीन दिवस आणखी कमी धरावेत आणि चौथा रिकामा ठेवावा, कारण दुखऱ्या मांड्यांचा भर तेव्हाच ओसरायला लागलेला असतो.

वाट चुकण्यासाठीही वेळ राखून ठेवावा लागतो. २००९ साली जर्मनीतल्या ट्युबिंगन इथल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी लोकांना जर्मनीतल्या जंगलात आणि ट्युनिशियातल्या वाळवंटात सरळ चालायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत असेपर्यंत ते बऱ्यापैकी सरळ गेले. आभाळ भरून आल्यावर जंगलात चालणारे गोल फिरून आपल्याच वाटेवर परत आले, आणि तरीही आपण सरळच चाललोय असं त्यांना वाटत होतं. धुक्यात किंवा दाट झाडीत स्वतःच्या दिशेच्या जाणिवेवर विसंबण्यात अर्थ नाही. नदी, डोंगराची धार, कालवा अशी लांबलचक खूण दिवसाच्या प्रत्येक टप्प्याला शोधून ठेवावी, आणि होकायंत्र सॅकच्या तळाशी न ठेवता हाताशी ठेवावं. थंडीत फोनची बॅटरी लवकर मान टाकते, म्हणून नकाशाची कागदी प्रत सोबत हवीच.

मग दिवसाची वेळ सूर्यास्तापासून उलटी मोजावी. पोचायची वेळ सूर्यास्ताच्या दोन तास आधीची धरून निघायची वेळ काढावी. खोल दरीत ऊन तासभर आधीच जातं, तेही लक्षात घ्यावं. प्रत्येक दिवसासाठी एक परत फिरण्याची वेळही लिहून ठेवावी: अमुक वाजेपर्यंत खिंड गाठली नाही तर मागे वळायचं. हा निर्णय सकाळी, पोट भरलेलं आणि डोकं थंड असताना घेतलेला बरा. या वेळापत्रकाची एक प्रत घरी राहणाऱ्या माणसाकडे द्यावी. रोजच्या मुक्कामाची जागा, पोचायची वेळ, आणि किती तास उलटूनही निरोप आला नाही तर शोध सुरू करायचा, हे तिन्ही त्यात असावं.