पोलीस व सार्वजनिक सुरक्षेसाठीचा शासकीय निधी (नागपूर)

नागपूर शहर व जिल्ह्यातील पोलीस, अग्निशमन आणि आपत्ती निवारण यंत्रणांना केंद्र व राज्य शासनाकडून मिळणारा पैसा. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार ‘पोलीस’ आणि ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे राज्यसूचीतील विषय आहेत. त्यामुळे शहर पोलिसांचा पगार महानगरपालिका देत नाही. १९६५ पासूनचे नागपूर पोलीस आयुक्तालय आणि ग्रामीण भागाचे पोलीस अधीक्षक कार्यालय ही दोन्ही गृह विभागाच्या अंदाजपत्रकावर चालतात. लेखाशीर्ष (खर्च नोंदवण्याचे खाते) २०५५ दरवर्षीच्या महसुली खर्चाचे, तर ४०५५ इमारती-साधनांसारख्या भांडवली खर्चाचे. सर्वांत मोठा वाटा वेतन व भत्त्यांचा असतो. डिझेल, दुरुस्ती, कागद यांची भिस्त उरलेल्या रकमेवर. चौकात वसूल झालेला वाहतूक दंडही राज्याच्याच तिजोरीत जातो. वर्षाच्या मध्ये रक्कम कमी पडली तर पुरवणी मागणी (विधिमंडळाकडे वाढीव रकमेची मागणी) करावी लागते. डिसेंबरमधील हिवाळी अधिवेशनात अशा मागण्या नागपूरच्याच विधान भवनात मंजूर होतात आणि त्याच दिवसांत बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेले पोलीस शहरात बंदोबस्ताला उभे असतात.

केंद्राची पोलीस दल आधुनिकीकरण योजना १९६९-७० पासून सुरू आहे. तिच्यातून थेट पोलीस ठाण्याला काही मिळत नाही. राज्य वार्षिक कृती आराखडा पाठवते, केंद्रीय गृह मंत्रालय तो मंजूर करते आणि महाराष्ट्रासारख्या राज्यात केंद्र ६०, राज्य ४० टक्के असा भार वाटला जातो. शस्त्रे, संपर्क साधने, प्रशिक्षण आणि न्यायसहायक (फॉरेन्सिक) उपकरणे हे तिचे मुख्य विषय. २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी २६,२७५ कोटी रुपयांची, अनेक योजना एकत्र करणारी छत्र योजना मंजूर झाली. तीत राज्यांच्या पोलीस आधुनिकीकरणाचा वाटा ४,८४६ कोटींचा. संपूर्ण देशाची पाच वर्षे पाहता ही रक्कम फार मोठी नाही, आणि तीही वेळेवर खर्च होईलच असे नसते. आधीच्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामी खर्च झाल्याचा दाखला) गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. प्रशासकीय मान्यता आणि निविदा यांत महिने जातात, मार्च उजाडतो आणि निधी समर्पित, म्हणजे शासनाला परत, करावा लागतो. अखर्चित निधीवर नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालांनी वेळोवेळी बोट ठेवले आहे.

नक्षलग्रस्त जिल्ह्यांसाठी सुरक्षाविषयक खर्चाची प्रतिपूर्ती करणारी वेगळी केंद्रीय योजना आहे. तिचा संबंध गडचिरोलीशी. मात्र नक्षलविरोधी अभियानाचे कार्यालय नागपुरात आणि प्रशिक्षण केंद्र शहरालगत सुराबर्डीला आहे.

२०१३ मध्ये १,००० कोटींनी सुरू झालेल्या निर्भया निधीतून आठ महानगरांत ‘सेफ सिटी’ प्रकल्प घेतले गेले. महाराष्ट्रातून त्यात मुंबई आहे, नागपूर नाही. महिला मदत कक्ष आणि ११२ क्रमांकाची सेवा यांना मात्र याच निधीचा आधार मिळाला.

अग्निशमन हे महापालिकेचे काम. त्यासाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद निधीतून राज्यांना ५,००० कोटींची योजना २०२३ मध्ये जाहीर झाली. राज्याने २५ टक्के घालायचे असतात. त्याच वर्षी २३ सप्टेंबरला अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. अशा वेळी तातडीच्या मदतीसाठी राज्य आपत्ती प्रतिसाद निधी वापरतात. त्यात केंद्राचा वाटा ७५ टक्के असतो.

जवळचे दार म्हणजे जिल्हा नियोजन समिती. पालकमंत्री तिचे अध्यक्ष असतात. जिल्हा वार्षिक योजनेतून पोलिसांसाठी वाहने, कॅमेरे, संगणक घेता येतात. प्रस्ताव, चर्चा आणि मंजुरी जिल्ह्यातच होत असल्याने स्थानिक गरज इथे लवकर पोहोचते.

नागपूरचे सर्वांत ठळक उदाहरण कॅमेऱ्यांच्या जाळ्याचे. राज्य शासनाने सुमारे ५२० कोटींचा ‘सेफ अँड स्मार्ट सिटी’ प्रकल्प मंजूर केला. २०१६ मध्ये काम लार्सन अँड टुब्रोकडे गेले आणि सुमारे ७०० चौकांत साडेतीन हजारांहून अधिक कॅमेरे बसले. केंद्राच्या स्मार्ट सिटी अभियानात नागपूरची निवड सप्टेंबर २०१६ मध्ये झाली, ती वेगळी. दोन्हींची सरमिसळ नेहमी होते. कॅमेरे बसवणे हा भांडवली खर्च, म्हणून त्याला एकदा पैसा मिळाला की काम होते. पण सिमेंट रस्ते, उड्डाणपूल आणि मेट्रो यांची खोदकामे वर्षानुवर्षे चाललेल्या शहरात केबल तुटतात, आणि जोडणी, वीजबिल, साठवण व दुरुस्ती यांचा खर्च दरवर्षी येत राहतो. त्याचे उत्तर अनुदानाच्या रचनेत नाही. या पद्धतीचा हा सर्वांत मोठा दोष मानायला हवा, कारण बंद कॅमेऱ्याची किंमत चोरी किंवा छेडछाडीची तक्रार घेऊन आलेला माणूस मोजतो.

पोलीस ठाण्यांमधील कॅमेऱ्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी खटल्यात २ डिसेंबर २०२० रोजी निधी व देखभालीचा हा भाग स्पष्ट केला. राज्यांनी पुरेसा निधी द्यावा, अठरा महिन्यांचे चित्रण जपता येईल अशी व्यवस्था असावी, आणि राज्य व जिल्हा पातळीवर देखरेख समित्या असाव्यात. कॅमेरा बिघडला तर ठाणेदाराने जिल्हा समितीला ताबडतोब कळवायचे आणि समितीने तो दुरुस्त करून घेण्यासाठी पावले उचलायची.